यॉट क्लब चालतो हातांवर

यॉट क्लब म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. हिरवळ, वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतले साहेबलोक आणि दूर समुद्रात कुणाची तरी भली मोठी बोट. हे चित्र अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं चिखलाचं, ओल्या दोरांचं, गंजलेल्या कड्यांचं आणि रविवारी सकाळी सहाला वाजणाऱ्या फोनचं आहे. ‘आज मला यायला जमणार नाही,’ एवढंच सांगणाऱ्या फोनचं. मुंबई बंदराच्या काठावरच्या एका लहानशा क्लबाची मानद सचिव म्हणून मी काही वर्षं काम केलं. ‘मानद’ या शब्दाचा अर्थ पगार नाही असा होतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. असा क्लब चालतो कसा, आणि मुख्य म्हणजे त्यातले सभासद टिकतात कशाने, हे आज त्या अनुभवावरून सांगायचं आहे.

आधी शब्दाचा गैरसमज दूर करू. ‘यॉट’ हा शब्द मुळात डच भाषेतला. त्याचा संबंध शिकारीशी, पाठलागाशी. म्हणजे चपळ, वेगाने जाणारी नौका. पुढे हौसेसाठी किंवा शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही नौकेला तो लागू झाला. ती मोठीच असली पाहिजे असं नाही. ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची मुलांची होडी घ्या. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ती तयार केली. लांबी पावणेआठ फूट, वजन ३५ किलो, एक शीड आणि आत एक मूल. जगभरातल्या शर्यतींत उतरणारे कित्येक खलाशी याच टबासारख्या होडीत शिकले. तीही यॉटच.

पाहुण्यांचा क्लब आणि हातांचा क्लब

जगातला सर्वांत जुना यॉट क्लब आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातला. १७२० सालचा ‘वॉटर क्लब’ हे त्याचं मूळ. त्याचे नियम मोठे गमतीचे होते. क्लबाच्या ॲडमिरलने मेजवानीत मांसाचे किती पदार्थ ठेवावेत आणि मद्याच्या किती बाटल्या आणाव्यात यावरही मर्यादा होती. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीसुद्धा क्लबात दोन प्रश्न होतेच: पाण्यावर काय करायचं आणि जेवायला काय करायचं. दुसरा प्रश्न पहिल्याला गिळू पाहत होता, म्हणून तर नियम करावा लागला!

आपल्या मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. गेटवे ऑफ इंडियासमोरची त्याची देखणी इमारत तुम्ही पाहिली असेल. स्थापना झाली त्या काळात तिथे भारतीयांना सभासद होता येत नव्हतं. दार बंद ठेवण्याची ही रीत फक्त वसाहतींपुरतीच नव्हती. चहाच्या पुड्यावर ज्यांचं नाव आपण वाचतो ते सर टॉमस लिप्टन घ्या. त्यांनी १८९९ ते १९३० या काळात अमेरिका चषकासाठी पाच वेळा आव्हान दिलं, तेही आयर्लंडमधल्या रॉयल अल्स्टर यॉट क्लबातर्फे. इंग्लंडमधल्या सर्वांत प्रतिष्ठित अशा रॉयल यॉट स्क्वाड्रनने त्यांना दार उघडलं ते १९३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. माणूस किराणा दुकानातून वर आलेला, ही त्यांची अडचण होती.

त्या जुन्या जमान्यात मालक बोटीवर बसायचा आणि दोर ओढायचे ते पगारी खलाशी. याला छेद दिला तो एकोणिसाव्या शतकातल्या हौशी नाविकांनी. त्यांना ‘कोरिंथियन’ म्हणत. आपली नौका आपणच चालवायची, हा त्यांचा बाणा. १८७२ साली थेम्स नदीवर इरिथ इथे या नावाने क्लबही निघाला. पण सामान्य माणसाच्या हाती शीड आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, प्लायवूडमुळे. जॅक होल्ट या रचनाकाराने १९५६ मध्ये दोघांनी चालवायची ‘एंटरप्राइज’ होडी तयार केली. ती आपल्या देशातल्या क्लबांतही खूप चालली. पुढे १९६३ मध्ये होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ आणली. सुटे भाग घरी न्यायचे, तांब्याच्या तारेने टाके घालून फळ्या शिवायच्या, वरून काचतंतूची पट्टी आणि राळ लावून सांधे पक्के करायचे. शिवणकाम येणाऱ्या कुणालाही जमेल असं काम. अशा ७०,००० हून अधिक होड्या जगभर झाल्या.

ज्याने होडी स्वतःच्या हातांनी जोडली, तो क्लबात आल्यावर वेटरला हाक मारत बसत नाही. तो रंधा मागतो. त्यामुळे क्लबाचं रूपच बदललं. पाहुण्यांचा क्लब मागे पडला आणि हातांचा क्लब उभा राहिला. आज कुठल्याही यॉट क्लबात या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात आणि अधूनमधून भांडतातही. सचिवाचं काम म्हणजे या दोघींचा संसार सांभाळणं.

एका शर्यतीला किती हात लागतात?

रविवारची एक साधी शर्यत घ्या. आमच्याकडे तिची वेळ घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तितक्याच जोरात उतरतं. आपल्या कोकणात भरतीचा एक सोपा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमेचे पंधरा घेतले की सव्वाअकरा येतात, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीचे आठ घेतले की सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि भर दुपारी समोर नुसता चिखल. एका रविवारी पौर्णिमा असेल, तर पुढच्या रविवारी अष्टमीच्या आसपासची तिथी असणार. म्हणून एक रविवार सोयीचा आणि एक चिखलाचा, असा आमचा पंधरवडा जातो. त्यात वाऱ्याची भर. थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो. अकराच्या सुमाराला तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. हे सगळं जुळवून वेळापत्रक करायचं, तेही मोसमाच्या आधी, छापून.

आता माणसं मोजू. शर्यतीचा एक अधिकारी. एक वेळ पाहणारा. एक झेंडे चढवणारा. सुरुवातीला पाच मिनिटं उरली की वर्गाचा झेंडा, चार मिनिटं उरली की मध्ये पांढरा चौकोन असलेला निळा झेंडा. एक मिनिट उरलं की निळा खाली, आणि शून्याला वर्गाचा झेंडा खाली. यात दोन सेकंदांची गफलत झाली तरी वीस होड्यांतून आरडाओरडा होतो. एक जण येणाऱ्या होड्यांचे क्रमांक लिहून घेणारा. दोन बचावनौका, प्रत्येकीवर दोघं. बोये टाकणारे दोघं. काठावर गाड्यांवरून होड्या उतरवणारे दोघं. आणि पाण्यात कोण गेलं, कोण परत आलं हे मोजणारा एक. झाले तेरा. एवढी माणसं काठावर उभी राहतात तेव्हा वीस होड्यांची शर्यत होते. यातलं प्रत्येक काम पगारी माणसाकडून करून घ्यायचं ठरवलं, तर वर्गणी अशी वाढेल की शर्यतीला कुणी उरणार नाही.

यातलं शेवटचं काम सर्वांत कमी प्रतिष्ठेचं. आमच्याकडे त्यासाठी एक फळा आहे. प्रत्येक होडीच्या नावाचा पितळी बिल्ला त्यावर टांगलेला असतो. जाताना बिल्ला घेऊन जायचा, परतल्यावर पुन्हा लावायचा. एक निवृत्त बँक कॅशियर आमचे सभासद होते. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी राजीनाम्याचं पत्र लिहून आणलं. ‘होडीत बसता येत नाही, मग उगाच जागा कशाला अडवू?’ असं त्यांचं म्हणणं. आमच्या त्या वेळच्या कमोडोरांनी पत्र खिशात घातलं आणि म्हणाले, ‘काका, आयुष्यभर रोकड मोजलीत, आता आमचे बिल्ले मोजा.’

काका दर रविवारी खुर्ची टाकून फळ्याशी बसू लागले. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सगळ्या होड्या परतल्या असं समजून बचावनौकाही धुऊन वर घेतल्या होत्या. चहा सुरू होता. काका म्हणाले, ‘एक कमी आहे.’ कुणीतरी म्हणालं, बिल्ला लावायचा विसरला असेल. काका म्हणाले, ‘विसरला असेल तर मला होडी दाखवा.’ होडी नव्हती. ओहोटी लागून तासभर झाला होता. बचावनौका पुन्हा पाण्यात टाकली. डोलकाठी मोडलेली ती होडी बंदराच्या तोंडाकडे वाहत चालली होती. आत कॉलेजातली दोन पोरं, गारठलेली. अंधार पडायला वीस मिनिटंही उरली नसतील.

काकांचा राजीनामा स्वीकारला असता, तर आमची एक वर्गणी गेली असती, एवढंच आम्ही वहीत लिहिलं असतं. त्या दोन मुलांच्या घरी त्याचा अर्थ काय झाला असता, ते कुठल्याच वहीत लिहिता आलं नसतं. सभासद टिकवणं हा नुसता जमाखर्चाचा प्रश्न नाही, असं मी म्हणते ते यामुळे.

सभासद जातो केव्हा?

माझं निरीक्षण असं की सभासद भांडून क्वचितच जातो. भांडणारा सभासद टिकतो, कारण त्याला क्लबाचं काहीतरी पडलेलं असतं. जाणारा गुपचूप जातो. उन्हाळ्यात प्रशिक्षण वर्ग करतो, होडी उलटवून सरळ करण्याचा सराव करतो, प्रमाणपत्र घेतो, दोन-तीन रविवार येऊन काठावर उभा राहतो. सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ‘काय, कसं काय?’ असं सगळे विचारतात, पण ‘चल, माझ्या होडीत बस’ असं कुणी म्हणत नाही. चौथ्या रविवारी तो येत नाही. वर्षअखेर वर्गणीचं स्मरणपत्र जातं आणि उत्तर येत नाही.

म्हणून यॉट क्लबातली सर्वांत मोलाची जागा कुठली विचाराल, तर मी म्हणेन, दोघांच्या होडीतली पुढची जागा. सुकाणू धरणारा मागे बसतो. पुढच्याने लहान शीड सांभाळायचं, पाण्यातली मधली फळी वर-खाली करायची, होडी कलली की बाहेर झुकून तोल राखायचा. इथे स्वतःची होडी लागत नाही, फारसं कसबही लागत नाही. एका मोसमात माणूस वारा ओळखायला लागतो. ‘लेझर’सारख्या एकट्याने चालवायच्या होड्या १९७०च्या दशकापासून जगभर पसरल्या. २०१९ पासून शर्यतींत त्यांना ‘इल्का’ म्हणतात. होडी उत्तम, जोडीदार शोधायची कटकट नाही. पण त्यामुळे नवख्याची ती पुढची जागाच नाहीशी झाली. होड्या वाढल्या आणि दार अरुंद झालं. आम्ही यावर एक साधा नियम केला. महिन्यातला एक रविवार दोघांच्या होड्यांचाच, आणि त्या दिवशी जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. जुन्या मंडळींनी सुरुवातीला नाकं मुरडली. पण विजेत्याच्या पुढ्यात महिनाभरापूर्वी आलेली मुलगी बसलेली दिसली, तेव्हा नाकं जागेवर आली.

दुसरा उपाय गणिताचा आहे. तेच तेच दोघं दर आठवड्याला जिंकत असतील, तर बाकीचे किती दिवस येतील? वेगवेगळ्या होड्या एकत्र पळवायच्या तर प्रत्येक प्रकाराला एक आकडा देतात. पोर्ट्समाउथ यार्डस्टिक नावाची ही ब्रिटिश पद्धत १९५०च्या दशकापासून चालत आली आहे. होडीला लागलेला वेळ हजाराने गुणायचा आणि तिच्या आकड्याने भागायचा. समजा, एका चपळ होडीचा आकडा ११०० आहे आणि तिला ५५ मिनिटं लागली. हिशेबाने झाली ५० मिनिटं. दुसरी संथ, तिचा आकडा १२००, तिला ५८ मिनिटं लागली. हिशेबाने झाली ४८ मिनिटं २० सेकंद. मागून आलेली जिंकली! काही क्लब हेच तत्त्व माणसालाही लावतात आणि मागच्या कामगिरीवरून वैयक्तिक सूट देतात. मग मधल्या फळीतल्या माणसालाही वर्षातून एकदा चषक उचलता येतो. मुख्य स्पर्धा कसाची ठेवायची आणि रविवारची ही चुरशीची ठेवायची. दोन्ही हवं.

तिसरा उपाय पाळ्यांचा. आमच्याकडे प्रत्येक क्रियाशील सभासदाला मोसमात दोनदा काठावरची पाळी असते. यादी मोसमाआधी लागते. जमणार नसेल तर बदली माणूस ज्याने त्याने शोधायचा, सचिवाने नाही. माझे सकाळी सहाचे फोन या एका नियमाने निम्म्यावर आले. पण यापेक्षा मोठा फायदा वेगळाच. बदली शोधताना माणूस चार जणांशी बोलतो, आणि बोलता बोलता क्लबात मुरतो.

काम सांगण्याचीही एक रीत आहे. ‘कुणी मदत करेल का?’ असं फळ्यावर लिहिलं, किंवा आता व्हॉट्सॲपवर टाकलं, तर बारा अंगठे येतात आणि माणूस एकही येत नाही. नाव घेऊन सांगावं लागतं, काम छोटं असावं लागतं आणि त्याला शेवट असावा लागतो. ‘तुम्ही देखभाल समिती सांभाळा’ म्हटलं की माणूस दचकतो. ‘शनिवारी चार वाजता येऊन तीन सुकाणूंना वॉर्निश लावाल का?’ म्हटलं की येतो. तीन शनिवार आला की देखभाल समिती त्याचीच होते. त्याला फक्त ते अजून कळलेलं नसतं.

कधीकधी अडचण अगदीच क्षुल्लक असते. बायका येत नाहीत म्हणून एका क्लबात मोठी चर्चा झडली होती. मी विचारलं, बायकांना कपडे बदलायची खोली कुठे आहे? खोली होती. तिच्यात जुनी शिडं भरून ठेवली होती.

पैशांचं गणित

आता जरा कडू भाग. बचावनौकेचं इंजिन, पेट्रोल, विमा, उतरत्या धक्क्याची डागडुजी, रखवालदार आणि तांडेल यांचे पगार, हा खर्च होड्या पाण्यात उतरोत न उतरोत चालूच राहतो. नुसत्या वर्गणीतून तो निघत नाही. मग समितीला एक सोपा मार्ग सुचतो: नव्या सभासदांचं प्रवेशशुल्क. शुल्क भरमसाट ठेवायचं आणि दरवर्षी काही जणांना घ्यायचं. जुन्यांची वर्गणी वाढवावी लागत नाही, सगळे खूश.

हा खड्डा आहे. कारण एवढं शुल्क भरू शकणारा माणूस बहुधा होडीसाठी येत नाही. समुद्राकाठच्या जेवणासाठी येतो. त्यात गैर काही नाही. जेवणाघराच्या नफ्यातून आमच्याही बचावनौकेत पेट्रोल पडलेलं आहे, आणि हिरवळीवरच्या सभासदाला तुच्छ लेखणारा खलाशी मला आवडत नाही. पण दहा-पंधरा वर्षं असंच चाललं की मतांचं पारडं फिरतं. वार्षिक सभेत धक्क्याच्या दुरुस्तीऐवजी मेजवानीच्या दालनाला वातानुकूलन मंजूर होतं. असा एक क्लब मी पाहिला आहे. नाव घेत नाही. सभागृह लग्नांना भाड्याने जातं, मागच्या अंगणात होड्या पालथ्या पडल्या आहेत, त्यांच्या फळ्यांतून गवत उगवलं आहे. जमाखर्च मात्र उत्तम नफ्यात!

यावर उपाय आहेत. एक म्हणजे सभासदत्वाचे वर्ग वेगळे ठेवणं आणि नौकानयनाचा निधी स्वतंत्र ठेवणं, म्हणजे धक्क्याचे पैसे दालनात जाणार नाहीत. दुसरा, तरुणांसाठी शुल्क नाममात्र. त्यांनी पैशांऐवजी काठावरच्या पाळ्या द्याव्यात. तिसरा, क्लबाच्या मालकीच्या सामायिक होड्या, म्हणजे होडी परवडत नाही म्हणून कुणी अडणार नाही. चौथा, पदांना मुदत. कमोडोर, व्हाइस कमोडोर, रिअर कमोडोर ही नावं आरमारातून घेतलेली आहेत. ऐकणाऱ्याला तोफांची सलामी आठवते. प्रत्यक्षात कमोडोरच्या खिशात नळदुरुस्तीचं बिल असतं. पण नावाची गोडी लागतेच, आणि एकच माणूस दहा वर्षं खुर्चीत राहिला की बाकीचे पाहुणे होतात. आपल्याकडच्या सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होतात आणि मग त्याच जागी, त्याच सात-आठ जणांत उरकल्या जातात, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्या अर्ध्या तासात संस्थेची प्रकृती कळते.

पावसाळ्याचे चार महिने

मुंबईच्या क्लबांना आणखी एक परीक्षा असते. मे संपता संपता होड्या वर काढायच्या, धुऊन पालथ्या घालायच्या, ताडपत्रीने झाकायच्या. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे समुद्र बंद. इंग्लंडमधल्या क्लबांना हिवाळा असतो, तसा आम्हाला पावसाळा. या चार महिन्यांत सभासद क्लब विसरतो. सवय सुटायला चार महिने खूप झाले.

म्हणून पावसाळ्यातलं काम मी नेहमी जास्त गांभीर्याने आखत आले. जूनमध्ये शर्यतीच्या नियमांचा वर्ग. डावीकडून वारा घेणाऱ्या होडीने उजवीकडून वारा घेणारीला वाट द्यायची, इथपासून सुरुवात. या खेळात शिट्टी वाजवणारा पंच बहुधा जवळ नसतो. चूक झाली तर ज्याने त्याने आपली होडी दोनदा गोल फिरवून शिक्षा भोगायची. पटलं नाही तर काठावर येऊन तक्रार लिहून द्यायची आणि तीन सभासदांसमोर सुनावणी. म्हणजे न्यायाधीशही आपल्यातलेच तयार करावे लागतात. जुलैमध्ये गाठी आणि दोरकाम. ऑगस्टमध्ये शिडं शिवणं, लाकूडकाम, इंजिन खोलून बसवणं. आमचे तांडेल कोळीवाड्यातले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे. पावसाळ्यात ते शिक्षक होतात आणि मोठमोठे डॉक्टर-वकील त्यांच्यापुढे मांडी घालून बसतात. एरवी ‘बाय, वारा पडनार हाय, पोरांना बोलवा’ म्हणून मला काठावरून सांगणारा हा माणूस पगारपत्रकावर नोकर असेल. ज्ञानाच्या वहीत तो आमचा सर्वांत ज्येष्ठ सभासद आहे. नारळी पौर्णिमेला आम्ही त्यांच्याबरोबर नारळ वाहतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शर्यतीची यादी त्याच दिवशी लावतो.

दार कुणासाठी?

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारील. वीस होड्या बोयाभोवती फिरल्या काय आणि न फिरल्या काय? मला वाटतं, समुद्रकाठच्या प्रदेशाला समुद्र जाणणारी माणसं लागतात. १९८२च्या एशियाडमधल्या शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. १९८५ ते १९८७ या काळात सैन्यदलाच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ नौकेतून जगाला वळसा घातला. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकटे जगप्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून सहा महिला अधिकाऱ्यांनी तेच करून दाखवलं. ही कामगिरी प्रामुख्याने सेनादलांची. नागरी क्लबांचं काम त्याच्या खालच्या पायरीचं आहे: दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सुकाणू देणं.

ते मूल सभासदाचंच असलं पाहिजे का? हैदराबादच्या हुसेन सागरावर २००९ मध्ये सुरू झालेल्या क्लबाने सरकारी शाळांतल्या, गरीब वस्तीतल्या मुलांना होडीत बसवलं आणि ती मुलं राष्ट्रीय स्पर्धांत पुढे आली. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावांत हे होतं आणि ज्यांच्या उंबऱ्याला समुद्र लागतो त्या वस्त्यांतली मुलं क्लबाच्या भिंतीपलीकडून होड्या बघत राहतात, ही आपली शोभा नव्हे. आम्ही शेजारच्या महापालिका शाळेतली काही मुलं शनिवारी घ्यायला लागलो, तेव्हा ‘क्लबाची पातळी घसरेल’ असं पत्र एका सभासदाने लिहिलं होतं. पुढच्या मोसमात त्यांच्याच नातवाला होडी सरळ कशी करायची ते त्यातल्या एका मुलीने शिकवलं. पत्र मागे घेतलं नाही त्यांनी, पण शनिवारी नातवाला घेऊन ते स्वतः येऊ लागले. मग आम्ही त्यांना घड्याळ दिलं आणि वेळ घ्यायला बसवलं.

यातलं बरंचसं तुमच्या गावच्या वाचनालयाला, नाट्यमंडळाला, अगदी गृहनिर्माण संस्थेलाही लागू पडेल. वर्गणी देऊन माणूस सभासद होतो, आणि त्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं तेव्हा तो टिकतो. एखाद्या रविवारी बंदरात शिडं दिसली, तर काठावरच्या कुणालाही ‘हात हवा का?’ एवढं विचारा. बहुधा हवा असतो.